मुलाला खरा पॉम हवाय, टोकन पाठवू का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा आठवीत आहे. फोनवर गाचा प्रकारातला गेम खेळतो. त्यात सोडत काढून गुबगुबीत कुत्र्यांची पात्रं जमवायची असतात, आणि सगळ्यात दुर्मीळ पात्र आहे पांढरा पॉमेरेनियन. त्या पॉमपायी वडिलांच्या यूपीआयवरून बरेच पैसे गेले. आता तो म्हणतो, खरा पॉम आणून द्या, मी गेम काढून टाकतो. एका ऑनलाइन जाहिरातीत ‘टीकप पॉम’, म्हणजे अगदी इवलासा पॉम, सापडलाय. विकणारा आज टोकन मागतोय आणि पिल्लू रायपूरहून बसने पाठवतो म्हणतोय. आम्ही नागपुरात मनीषनगरला फ्लॅटमध्ये राहतो. घ्यावं का?

ताई, टोकन पाठवू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण एवढं आजच ठरवायचं आहे म्हणून आधी सांगितलं.

मी नागपुरात बरीच वर्षं कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. आणि क्लिनिक बंद झाल्यावर, जेवणं आटोपली की, मी स्वतः असाच एक गेम खेळते. त्यामुळे तुमच्या मुलावर मी रागावणार नाही. तो ज्या यंत्रासमोर बसलाय ते मला माहीत आहे, आणि ज्या बाजारातून तुम्ही पिल्लू आणायला निघालात तोही माहीत आहे. दोन्हीकडे नशिबाचा भाग आहेच. फरक एवढाच की गेममध्ये ते नशीब लिहून दिलेलं असतं, आणि पिलांच्या बाजारात पैसे देण्याआधी डोळ्यांनी बघितलं तर त्यातलं बरंचसं नशीब उरतच नाही. बसने येणारं पिल्लू घेताना तुम्ही नेमकं ते बघणंच सोडून देताय.

आधी गेमचं बोलू, कारण मुलाशी बोलताना ते तुम्हाला लागेल.

२०२० साली आलेल्या गेनशिन इम्पॅक्ट या गाचा गेमचे आकडे उघड आहेत, म्हणून तेच घेते. मोठ्या पात्राच्या बॅनरवर, म्हणजे त्या पात्रासाठीच्या खास सोडतीत, पंचतारांकित म्हणजे सगळ्यात दुर्मीळ पात्र निघण्याची शक्यता दर सोडतीला ०.६ टक्के. नुसत्या या हिशोबाने ९० सोडती काढल्या तर एक तरी पंचतारांकित निघण्याची शक्यता साधारण ४२ टक्के येते. म्हणजे निम्म्याहून जास्त खेळाडू ९० सोडतींनंतरही कोरडेच राहतील. तसं होऊ नये म्हणून कंपनीने ‘पिटी’ नावाची सोय ठेवली आहे. ८९ वेळा नाही आलं तर ९० व्या वेळी पंचतारांकित येणारच. पण ते तुम्हाला हवं असलेलंच पात्र असेल असं नाही, त्यावर आणखी एक नाणं उडवलं जातं. तिथेही हरलात तर पुढचं पंचतारांकित मात्र तुम्हाला हवं तेच येणार. म्हणजे वाईटात वाईट १८० सोडती. एका सोडतीला १६० प्रायमोजेम (गेममधलं चलन) लागतात, गुणाकार मुलाकडूनच करून घ्या. २८,८०० येतो.

तुमच्या मुलाच्या गेमचे आकडे वेगळे असतील, पण ते गेममध्येच कुठेतरी बारीक अक्षरात आहेत. चीनने २०१७ पासून हे आकडे जाहीर करणं बंधनकारक केलं. त्याच वर्षाअखेर ॲपलने आणि पुढे गुगलनेही आपल्या स्टोअरवर तोच नियम लावला. जपान हे या खेळांचं माहेर, आणि तिथे २०१२ साली सरकारने यातला एक प्रकार थेट बेकायदा ठरवला. सोडतीतून अमुक पात्रांचा पूर्ण संच जमवलात तरच बक्षीस, असा तो प्रकार होता. संचातलं शेवटचं एकच राहिलं की माणूस किती पैसे घालतो, हे तिथल्या आईबापांनी बिलं आल्यावर पाहिलं.

आज संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, ‘दाखव बरं, पांढऱ्या पॉमची टक्केवारी काय लिहिलीय?’ ओरडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, असा माझा अनुभव आहे. पोट्ट्यांना आकडे कळतात हो, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच. त्याच बैठकीत प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं करून घ्या आणि यूपीआय त्या खात्यावरून काढा. गेल्या दोन दिवसांत पैसे गेले असतील तर परताव्याची विनंती लगेच टाका. गुगल साधारण ४८ तासांच्या आतल्या खरेदीचा विचार करतं, त्यानंतर गेमवाल्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं.

गेमचं एवढं पुरे. आता पिटीकडे मला परत यायचंय, कारण पिलांच्या धंद्यातले लोक नेमके तिथेच लोकांना फसवतात, आणि कधीकधी स्वतःही फसतात.

गेममधल्या सर्व्हरला आठवतं की तुम्ही ८९ वेळा हरलात. कुत्रीच्या गर्भाशयाला काही आठवत नाही. चॉकलेटी रंगाचं उदाहरण घ्या. तो रंग दडून राहणारा आहे, पिलाला आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच दिसतो. रंग लपवून असलेली काळी नर-मादीची जोडी लावली तर दर पिलाला चॉकलेटी होण्याची शक्यता २५ टक्के. लोक लगेच हिशोब करतात, चार पिल्लं म्हणजे एक चॉकलेटी. तसं नसतं. चार पिलांच्या वेतात एकही चॉकलेटी नाही असं जवळपास ३२ टक्के वेळा होतं, म्हणजे दर तीन वेतांत साधारण एकदा. आणि या वेताला नाही आलं म्हणून पुढच्या वेताला जास्त येईल असंही नाही, पुन्हा तेच २५ टक्के. पण ‘या वेळी नाही निघालं मॅडम, पुढच्या वेताला पक्कं’ असं म्हणत मादी पुढच्याच माजावर पुन्हा लावली जाते. दोन महिने गर्भ, मग दूध पाजणं, की पुन्हा तेच. सोडतीचे पैसे इथे मादीच्या हाडांतून जातात. अशा माद्या माझ्या टेबलावर येतात तेव्हा दात हलत असतात, अंगावरचे केस विरळ झालेले असतात आणि वय सांगतात चार.

रंगाचा दुसरा प्रकार याहून वाईट आहे. जाहिरातीत ‘मर्ल पॉम’, ‘निळे डोळे’, ‘रेअर कलर’ असं दिसलं तर तिथून पुढे वाचूच नका. मर्ल म्हणजे अंगावर राखाडी ठिपक्यांची नक्षी. दोन मर्ल एकमेकांना लावले तर दर पिलाला २५ टक्के शक्यता अशी की त्याला तो जनुक दोन्हीकडून मिळेल. अशी पिल्लं बरेचदा जास्त पांढरी असतात, आणि त्यांच्यात बहिरेपणा, बारीक किंवा नीट न बनलेले डोळे, अंधत्व हे मोठ्या प्रमाणात सापडतं. शिवाय क्रीम रंगाच्या कुत्र्यात मर्ल झाकला जातो. म्हणजे साध्या दिसणाऱ्या क्रीम पॉमला मर्ल लावला तरी ही सोडत निघू शकते, आणि ती निघतेय हे ब्रीडरलाही कळत नाही. गेममध्ये दुर्मीळ म्हणजे ताकदवान. कुत्र्यात दुर्मीळ रंगाला पैसे पडतात, तब्येतीची हमी त्यात कुठेच नसते.

आता तुमच्या टीकपबद्दल. अशी जात नाही. पॉमेरेनियन मोठा झाल्यावर साधारण दीड ते साडेतीन किलोचा असतो, एवढा लहान तो मुळातच आहे. त्याहून लहान म्हणून विकलं जाणारं पिल्लू बहुधा तीनपैकी एक असतं: वेतातलं सगळ्यात अशक्त, पोटभर न मिळालेलं, किंवा वय वाढवून सांगितलेलं. शेवटचा प्रकार मी सर्रास बघते. पाच आठवड्यांचं पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून दिलं की ते ‘टीकप’ दिसणारच. २०१७ च्या केंद्र सरकारच्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. रायपूरवाल्याला नोंदणी क्रमांक विचारून बघा. उत्तर यायला किती वेळ लागतो त्यावरूनच पुष्कळ कळेल.

इतक्या लहान पिलांची साखर पटकन उतरते. बसच्या डिकीत किंवा केबिनमध्ये सहा-सात तास उपाशी, वर थरथर, म्हणजे नागपूरला उतरेपर्यंत ते झोकांड्या खाऊ लागलेलं असू शकतं. घरी असं झालं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तडक डॉक्टरकडे निघायचं. घशात ओतायचं नाही, फुफ्फुसात जातं.

आणि पार्वो, पिलांचा उलट्या-जुलाबांचा आजार. यात लोक विकणाऱ्याला शिव्या देतात आणि विकणारा म्हणतो, माझ्याकडून गेलं तेव्हा मस्त खेळत होतं. दोघंही खरं बोलत असतात. विषाणू शरीरात गेल्यापासून उलट्या-जुलाब सुरू व्हायला बहुतेकदा तीन ते सात दिवस लागतात. त्यामुळे पिल्लू तुमच्याकडे आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी खाणं सोडतं, आणि दुसऱ्या दिवशी रक्ताची शी. लसीकरणाचं कार्ड दाखवतात, त्यावर एक स्टिकर असतो. एका स्टिकरने काम होत नाही. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, वय सोळा आठवडे होईपर्यंत. कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसीला काम करू देत नाही, आणि ती कोणत्या पिलात कधी उतरेल हे बाहेरून कळत नाही. हे खरंखुरं नशीब, आणि ते टाळायचा उपाय म्हणजे वेळापत्रक पाळणं. रेबीजची लस तीन महिन्यांना, तिला पर्याय नाही.

मग घ्यायचंच असेल तर कसं? गावातलं किंवा गाडीने जाऊन-येऊन होईल एवढ्या अंतरावरचं घ्या, आणि आई बघा. फोटोत नाही, समोर. वीस मिनिटं तिथे बसा. आई जवळ येते की कोपऱ्यात दबते? खोकते का? पॉममध्ये हंसासारखा कर्कश खोकला म्हणजे श्वासनलिका चपटी होण्याची शंका घ्यायची. चालताना मागचा एक पाय चार पावलं उचलून धरते आणि पुन्हा टेकवते का? लोक हसतात, ‘बघा कशी नाचते’ म्हणतात. गुडघ्याची वाटी सरकत असते ती, आणि हा दोष पिलांत उतरतो. पिलाच्या डोक्यावर टाळूच्या जागी हलकेच बोट फिरवा, मोठा मऊ खड्डा लागला तर सोडून द्या. पॉमऐवजी चपट्या नाकाच्या शिह त्झूचं पिल्लू बघत असाल आणि ते झोपेत घोरत असेल किंवा नाकपुड्या नुसत्या फटीएवढ्या असतील, तर मेमध्ये त्याचं काय होईल याचा अंदाज तिथेच येतो. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) कागद असतील तर चांगलंच, पण ते वंशावळ सांगतात. गुडघा आणि श्वासनलिका त्या कागदावर नसतात. मराठीत सांगायचं तर कुंडली जुळली, मुलगा बघायचा राहिला.

खरी मेख नागपूरची आहे. २३ मे २०१३ ला इथे पारा ४७.९ वर गेला होता, आणि मेअखेरच्या नवतपात ४५ ची आपल्याला बातमीसुद्धा वाटत नाही. कुत्रा घामाने थंड होत नाही, धापा टाकून होतो. तोंडातली ओल वाफ होऊन जाते आणि त्याबरोबर उष्णता जाते. शिह त्झू, पेकिनीज यांचं नाक चपटं, हवा आत-बाहेर करायलाच कष्ट, म्हणून उष्माघात त्यांना आधी गाठतो. आपले कूलर मेमध्ये, हवा कोरडी असते तोवर, छान काम करतात. जूनमध्ये दोन सरी पडल्या की तोच कूलर खोलीत दमटपणा भरतो, आणि दमट हवेत धापेचा उपयोग होत नाही. ऊन लागलेली कुत्री मेमध्ये येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. जूनच्या त्या आठवड्यात, कूलर चालू असलेल्या बंद खोलीतून आलेली कुत्री बघून मालक चक्रावतात. त्या दिवसांत खिडकी उघडा, पंखा लावा, जमल्यास एसी.

पॉमचे केस उन्हाळ्यात सफाचट करू नका. त्याच्या अंगावर दोन थर असतात. वरचा थर उन्हापासून वाचवतो आणि एकदा मशीन फिरवलं की काहींचे केस पुन्हा धड येतच नाहीत, ठिगळं राहतात. विंचरून आतला मेलेला थर काढायचा, तेवढं पुरतं. शिह त्झू आणि ल्हासाचे केस आपल्या केसांसारखे वाढत राहतात, ते बारीक कापले तर चालतं. फिरायला पहाटे, आणि रात्री रस्ता निवल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली तर पाय भाजणार नाहीत. उष्माघाताची शंका आली तर नळाच्या साध्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली धरा आणि तसंच ओलं घेऊन निघा. बर्फात बुडवू नका.

गोचिडांचं एक वाक्यात: दाट केसांत ती दिसत नाहीत, गोचीडतापाने हिरड्या पांढऱ्या पडल्यावरच लोक येतात, म्हणून दर महिन्याचं औषध बारा महिने चालू ठेवा.

माझी पसंती विचाराल तर इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘पामेरियन’ म्हणत आले, पांढरा, टोकदार नाकाचा, फाटकाशी दिवसभर भुंकणारा, तो बहुतेक वेळा हाच. आकाराने पॉमपेक्षा मोठा, नाक लांब, आणि इथल्या हवेत अनेक पिढ्या काढलेला. उन्हाळा त्यालाही जाचतोच, पण शिह त्झूइतका नाही. तुमच्या मुलाला पांढरा आणि गुबगुबीत एवढंच हवं असेल तर हा अगदी तसाच आहे. भुंकतो फार, शेजाऱ्यांना आधी विचारा. फॅशन गेल्यामुळे किंमतही आवाक्यात असते, आणि गंमत अशी की गेममध्ये याला बहुधा एक तारा मिळाला असता.

दुसरा पर्याय मोठा झालेला कुत्रा. बदली झाली, बाळ झालं, आजी गेली, अशा कारणांनी चांगली सांभाळलेली चार-पाच वर्षांची शिह त्झू किंवा ल्हासा लोकांना द्यायची असतात. तुमच्या भागातल्या डॉक्टरांना, ग्रूमरना सांगून ठेवा. अशा कुत्र्यात काय निघेल हा प्रश्न जवळपास संपलेला असतो. गुडघे, दात, स्वभाव, सगळं दिसतं, दोन दिवस घरी ठेवून बघता येतं. पिल्लूच हवं हा आग्रह बहुतेकदा फोटोंमुळे असतो. पॉमचं पिल्लू तर चौथ्या-सहाव्या महिन्यात लहानपणचे केस गाळतं आणि काही महिने कोल्ह्यासारखं किडकिडीत दिसतं. त्या दिवसांत ‘आम्हाला भलताच कुत्रा दिला’ म्हणून लोक भांडायला निघतात. मुलाला हे आधीच दाखवून ठेवा.

आता त्याच्या अटीबद्दल, कुत्रा आणला की गेम काढतो. ही अट मान्य करू नका. पॉम बारा ते सोळा वर्षं जगतो. मुलगा आठवीत आहे, चार-पाच वर्षांत पुण्याला नाहीतर बंगलोरला शिकायला जाईल, आणि उरलेली वर्षं कुत्रा तुम्ही दोघं सांभाळाल. तुम्हाला हवा असेल तर आणा. गेमचा बंदोबस्त वेगळा करा, वर सांगितला तसा पासवर्डने. खरं सांगते, गेम पूर्ण बंद केलाच पाहिजे असं मला वाटत नाही. फुकटच्या सोडतींवर खेळू द्या. पैसे न घालता पिटीपर्यंत जायला महिने लागतात, आणि तेवढ्यात अर्ध्या पोरांचा जीव त्यातून आपोआप उठतो.

त्याच्याकडून काम मात्र घ्या. कुत्रा यायच्या आधी महिनाभर पहाटे साडेपाचला उठून अर्धा तास खाली फिरून यायचं, रिकाम्या हाताने. विंचरायला रोज पंधरा मिनिटं द्यायची, तूर्तास घड्याळ लावून नुसतं बसायचं. महिना टिकला तर पिल्लू बघायला जाऊ.

आणि जाल तेव्हा पट्टा नको, छोटा हार्नेस न्या, पॉमच्या गळ्याला ताण चालत नाही. ब्रीडरला आधीच सांगा की डॉक्टरांनी तपासल्यावरच पूर्ण पैसे देऊ. नाही म्हणाला तर उठून या. हो म्हणाला तर पिल्लू घरी न नेता थेट क्लिनिकला आणा, माझ्याकडे किंवा सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात, जे जवळ पडेल तिथे. त्याच दिवसाची ताजी शी एका डबीत घेऊन या, जंत बघायला लागते. वाटेत कुठे जमिनीवर सोडू नका, आमच्या वेटिंग रूममध्येही नाही, मांडीवरच ठेवा. मुलाला बरोबर आणा. पिलाचा ताप कसा मोजायचा ते मी त्यालाच शिकवेन. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, एवढं त्याने येताना पाठ करून यावं.